बायकांना विचारत नाहीत

"डाक्टराक कायएक सांगा नको हां," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट असं आवळलं की हातातली एक बांगडी पिचली.

जीपच्या मागच्या बाकड्यावर मी बसले होते. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मोडलेला पाय दोन बांबूच्या कामट्यांमध्ये जुन्या लुगड्यानं बांधलेला होता. सकाळी काजूच्या बोंडांची पाटी डोक्यावर घेऊन चिऱ्यांच्या पायऱ्या उतरताना त्या घसरल्या होत्या. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या रस्ता करणाऱ्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होत्या, त्यामुळे मला जरा धीर आला होता. शिव्या द्यायची ताकद आहे तोवर माणूस धडधाकट, असं माझं तेव्हाचं वैद्यकशास्त्र.

"काय सांगायचं नाही, आई?"

"ताच. सांजचा."

"बरं."

"नुसता बरा नको. माझ्या गळ्याक हात लावन शपथ घे."

पुढच्या सीटवर सासरे, म्हणजे आबा, ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. मी शपथ घेतली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोडक्या पायाची सासू गळ्याला हात लाव म्हणते, तेव्हा सून दुसरं काय करणार!

मी मूळची मिरजेची. वैजयंती. लग्न होऊन आले ती थेट गोव्याच्या हद्दीवरच्या या गवसांच्या घरात. नवरा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. घरी आबा, सासूबाई मनोरमा आणि कुंदा. कुंदा ही माझी चुलत नणंद, सासूबाईंच्या मोठ्या दिरांची मुलगी. तिचे वडील ती लहान असताना गेले, पुढे काही वर्षांनी आईही गेली, आणि सासूबाईंनीच तिला वाढवलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गावातल्या अंगणवाडीत शिकवायची. दिसायला चांगली, हाताला चव, तरी तिचं लग्न जमत नव्हतं. का जमत नव्हतं ते पुढे सांगते.

घराच्या मागे काजूची बाग आणि बागेच्या टोकाला ओहळ. ओहळाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. पलीकडे आबांच्या मामेभावाची परवान्याची भट्टी होती. चैत्र-वैशाखात बोंडं तुडवली जायची, रस भट्टीत चढायचा, आणि सगळ्या परिसराला असा आंबूस-गोड वास यायचा की मला पहिले पंधरा दिवस नुसतं मळमळायचं. माझ्या माहेरी दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे. इथे आबा रोज संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून उघड्यावर घ्यायचे, दोन घोटांनंतर भजन म्हणायचे आणि तिसऱ्यानंतर भांडायचे. सगळा गाव म्हणायचा, गवसांचो आबा पिणारो.

आणि सासूबाई?

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. तुळशीपुढे दिवा लावून त्या मागच्या दारी गेल्या, पायरीवर बसल्या आणि पितळेच्या फुलपात्रातून सावकाश काहीतरी प्यायला लागल्या. मला वाटलं, कोकमचं सरबत. वासावरून कळलं, फेणी.

"अशी डोळे फाडून बघतंस काय?" त्या म्हणाल्या. "बाळंतपणात माझ्या सासून दिल्यान. गूळ-जिरा घालून, गरम करून. अंगाक बरी असता. ती तशीच रवली."

त्यांचं शेवटचं बाळंतपण म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. म्हणजे आईंचं बाळंतपण सव्वीस वर्षं चालू होतं! मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्या कधी झिंगल्या नाहीत. कधी जीभ जड झाली नाही, बांगड्याच्या आमटीत मीठ कमी-जास्त झालं नाही. प्यायल्यावर जो पडतो तो पिणारा, असा गावाचा हिशोब. सासूबाई कधी पडल्या नाहीत, म्हणून त्या पिणाऱ्या नव्हत्या. आबांना माहीत होतं, कुंदालाही माहीत होतं, पण त्याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढत नसे. मागच्या दारचं मागच्या दारी.

तर आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो. बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट मिळाली. भरती करून घेणारी नर्स समोर आली. आमच्या आधी पुरुषांच्या बाजूला एक म्हातारा आला होता, त्याला तिनं दारातच विचारलं होतं, "बिडी? तंबाखू? दारू किती?" आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बीपी, साखर?"

"कायएक नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे असे मिचकावले की जणू मोठी परीक्षा पास झाल्या.

डॉक्टर प्रभुदेसाई तरुण होते, केस विस्कटलेले, कायम कुठेतरी धावत असल्यासारखे. त्यांनी सांगितलं की मांडीचं हाड मोडलंय, सळी घालावी लागेल, पण सूज उतरेपर्यंत थांबायचं. पायाला वजन टांगून आईंना निजवून ठेवलं. मी आणि कुंदा आळीपाळीनं जवळ राहायचो. आबा व्हरांड्यात.

पहिला दिवस बरा गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं माहेर, सासर, सुनांच्या तक्रारी, सगळं सासूबाईंनी काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांच्या हातात थडथडायला लागला आणि निम्मा चहा चादरीवर सांडला.

"थंडी वाजता," त्या म्हणाल्या.

वैशाखातला दिवस, पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत होतो, आणि त्याही निथळत होत्या. कपाळावर हात ठेवला तर ओला. मग त्या चिडचिड करायला लागल्या. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "तुझी कटकट बंद कर." तीच बाई, जिला कालच त्यांनी बहीण मानली होती! संध्याकाळी जेवण ढकलून दिलं. मी समजून चालले की पाय दुखतोय.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी त्या चादरीवरून काहीतरी चिमटीनं वेचायला लागल्या.

"काय वेचताय, आई?"

"हुमले. किती गो हे हुमले! कोणी साखर सांडल्यान हय?"

चादर कोरी होती. एक मुंगीसुद्धा नव्हती. मी कुंदाला हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी मान उचलली आणि खाटेच्या पायथ्याशी बघितलं. तिथे कुणीही नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की मी अजून विसरले नाही.

"शालूवयनी इली," त्या म्हणाल्या.

कुंदाच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

शालूवयनी म्हणजे शालिनी. सासूबाईंची थोरली जाऊ आणि कुंदाची आई. ती मी लग्न होऊन येण्याच्या दहा-बारा वर्षं आधी गेली होती. पोटाचं ऑपरेशन झालं, ऑपरेशन चांगलं झालं, आणि मग एकाएकी ती थरथरायला लागली, भलतंसलतं बघायला लागली, भलतंसलतं बोलायला लागली. बाधा झाली म्हणून तिला दवाखान्यातून उचलून गावी आणलं, देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत तिनं प्राण सोडला. तेव्हापासून गाव म्हणायचा, शालू अशी गेली म्हणजे ती सुटली नाही, ती फिरते. दर दिवाळीच्या अवसेला तिच्या नावानं वेशीवर कोंबडा दिला जायचा. आणि जिची आई फिरते, त्या मुलीला कोण सून करून घेणार? कुंदाचं लग्न अडलं होतं ते इथे.

"सांगतंय वयनी, सांगतंय," सासूबाई त्या रिकाम्या जागेकडे बघून बोलत होत्या. "अशे माझ्याकडे बघू नकात. मी सांगतंय."

"काय सांगतंस काकी? कोणाक सांगतंस?" कुंदा रडायच्या बेतात आली होती.

आबा आत आले. त्यांनी एक नजर टाकली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते हात जोडून पायथ्याच्या त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "वयनी, आमचा काय चुकला असला तर सांग, पण हिका सोड." मग आमच्याकडे वळले. "आता ह्या डाक्टराचा काम नाय. देवळात नेवक व्हया. मी जीप आणतंय. कुंदा, सामान बांध."

"आबा, पायाला वजन बांधलंय," मी म्हटलं.

"जीव रवलो तर पाय! कुंदा, बांध म्हटलंय ना?"

कुंदा बांधायला लागली. लुगडी, तांब्या, कंगवा. एकदा ती थांबली आणि मला म्हणाली, "वयनी, माझ्या आयेन आता हिका पण नेल्यान तर मी खय तोंड लपवू?" मी डॉक्टरांना शोधायला धावत सुटले.

डॉक्टर पुरुषांच्या वॉर्डात होते. मी दारातच थबकले. पहिल्या दिवशी आमच्या आधी आलेला तो म्हातारा खाटेवर थरथरत होता, घामाघूम झाला होता आणि हवेत हात मारून माश्या हाकलत होता. माश्या नव्हत्याच. त्याची बायको शेजारी अगदी शांत बसून वारा घालत होती.

"काय झालंय त्यांना?" मी तिला विचारलं.

"काय नाय गो. दारू सुटली की ह्येंचा असा जाता. मागच्या खेपेक पण झाला होता," ती म्हणाली, अगदी सर्दी झालीय असं सांगावं तशी. "इंजेक्शन दिल्यानी. आता निजतले."

तेच थरथरणं, तोच घाम, त्याच नसलेल्या मुंग्यामाश्या. या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण त्याला विचारलं होतं. आणि त्याच्यात लाजायचं काही नव्हतं, तो पुरुष होता. त्याला इंजेक्शन मिळालं. आमच्या बाईला जीप मिळणार होती आणि गाऱ्हाणं.

मी डॉक्टरांना 'लवकर चला' म्हटलं आणि मागे वळले. तेवढ्या अंतरात मला मिरज दिसली, माझे वडील दिसले, गळ्याला हात लावून घेतलेली शपथ दिसली. मी भित्री नव्हते असं म्हणणार नाही. पण आई मला आवडायच्या. त्या पायरीवर बसून माझ्याशी जेवढ्या बोलल्या होत्या, तेवढं माझ्याशी त्या घरात कुणीच बोललं नव्हतं. ही बाई मरता कामा नये, एवढं एकच मला कळत होतं.

डॉक्टर माझ्या मागोमाग आले. आबा दोन माणसं घेऊन आले होते, आईंच्या पायाचं वजन सोडायला निघाले होते.

"अहो थांबा, काय करताय?" डॉक्टर ओरडले. "डोक्याला मार लागलाय का ते बघायचंय अजून, रक्त तपासायला पाठवलंय..."

"डॉक्टर," मी म्हटलं. "माझ्या सासूबाई रोज पितात."

शेजारच्या बाईनं पेज ढवळायचं थांबवलं.

"खुळावलंस काय गो?" आबा म्हणाले. "डाक्टरानू, ही घाटावरची. हिका आमच्या घरातला काय ठावक? आमच्या घरातली बायल..."

"काय पितात?" डॉक्टरांनी मला विचारलं. आबांकडे त्यांनी बघितलंच नाही.

"फेणी. फुलपात्रभर. दिवेलागणीनंतर. वर्षानुवर्षं."

"शेवटची कधी घेतली?"

"पडल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग नर्सला भराभर काहीतरी सांगितलं आणि आबांसमोर उभे राहिले. "हे बघा, इतकी वर्षं सवय असलेलं शरीर आणि दारू एकदम बंद. कधीकधी असंच होतं. यात माणूस जातो. आत्ता यांना बाहेर काढलंत तर देवळापर्यंत पोहोचणार नाहीत. मला उपचार करू द्या."

आबांच्या आधी बोलली ती कुंदा. "डाक्टरानू, माझ्या आयेक पण असाच झाला होता. अशीच थरथरत होती. असेच हुमले वेचत होती."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "त्या पण घ्यायच्या का?"

"नाय!" कुंदा म्हणाली. तिला मनापासून तसंच वाटत होतं.

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर सायकलींचा स्टँड होता, दुसरं काही नव्हतं.

"काय औषध द्यायचा ता द्या," शेवटी ते म्हणाले. आणि माझ्याकडे बोट करून, "पण हिचा खोटा ठरला तर ही मिरजेक जातली. मी हिच्या बापाशीक फोन करतंय."

आणि त्यांनी खरंच केला. दवाखान्यासमोरच्या दुकानातून.

पुढचे दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. इंजेक्शनांवर आई झोपायच्या, मध्येच दचकायच्या, पुटपुटायच्या, पुन्हा झोपायच्या. कुंदा माझ्या हातचा चहा घेईना. मी तिच्या काकीला भर वॉर्डात दारुडी म्हटलं होतं. तिची काय चूक? मला वेगळीच धास्ती होती. आई शुद्धीवर येतील आणि म्हणतील, सून खोटं बोलते. त्यांनी तसं म्हटलं असतं तर त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता. शपथ मी मोडली होती. त्यांनी नुसतं "नाय" म्हटलं असतं तरी माझं बिऱ्हाड मिरजेला गेलं असतं.

तिसऱ्या सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते, तर डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "गो वैजू, हय पेज तरी मिळता, की उपाशीच मारतत?"

मी हसले की रडले मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

दहाच्या सुमारास डॉक्टर फेरीला आले. आबा आणि कुंदा पायथ्याशी उभे होते. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावले. हात जवळजवळ स्थिर होते.

"मनोरमाबाई, एक खरं सांगायचं. तुम्ही रोज घेता का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. "हिना सांगल्यान?"

"हो."

"काय सांगल्यान?"

"रोज संध्याकाळी एक फुलपात्र."

आईंनी डोळे मिटले. आबांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली.

"खोटा सांगल्यान," त्या म्हणाल्या. "एक नाय, दोन. आणि बोंडवाच्या दिवसात भट्टी पेटली की मोजूचाच नाय."

शेजारच्या बाईला हसू फुटलं, मग नर्सला, मग सगळ्या वॉर्डाला. फक्त आबा हसले नाहीत. ते अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "दोन? आणि माका तू दुसरो गिलास भरूक देय नाय होतंस!"

डॉक्टरांनीसुद्धा तोंडावर हात धरला. मग ते समजावून सांगायला लागले. आता ही सोडायला हवी, पण यापुढे असं एकदम मनानं नाही, औषध घेऊन, त्यांच्या नजरेखाली. यकृत सुजलंय, अजून वेळ गेलेली नाही. आई नीट ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "डाक्टरानू, एक इचारू? माझ्या जावेक, शालूवयनीक, ह्याच झाला होता काय?"

"मी तेव्हा इथे नव्हतो. खात्रीनं सांगता येणार नाही. पण त्या घेत असतील तर... जे ऐकतोय त्यावरून तसंच वाटतं."

"ह्या इंजेक्शन तिका मिळाला असता तर?"

"वाचल्या असत्या बहुतेक."

आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. आईंनी खाटेवर हात थोपटला. "कुंदा, हय बस."

कुंदा बसली.

"तुझी आवस माझ्यावांगडा बसा. मागच्या दारी, त्याच पायरीवर. आमची बाटली एकच. तुझो बापूस गेल्यावर ती जास्ती घेवक लागली, मी बघी होतंय. तुम्ही पोरा निजल्यावर घेय, म्हणान तुका ठावक नाय." आईंचा आवाज बारीक झाला. "दवाखान्यात ती थरथराक लागली तेवा माका कळला काय सुटला ता. डाक्टरान माका इचारल्यान, हिका काय सवय आसा? मी नाय म्हटलंय. इधवा बाई, उद्या गाव काय म्हणतला? आणि तिचा सांगलंय तर माझा पण उघडा पडतला. ती माझ्याकडे बघी होती गो. ती तोंडान धड बोलूक शकत नव्हती, पण डोळ्यांनी म्हणी होती, सांग. मी सांगूक नाय. मरतली असा माका वाटला नव्हता. पण मी सांगूक नाय."

आबा पुन्हा खिडकीकडे वळले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"तुझी आवस कोणाक लागूक नाय, बाय. ती फिरत नाय, कोणाक धरत नाय. ती आजारी होती. आमी तिचा भूत केला."

कुंदा आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मी माझ्या आयेक भियालंय, काकी. इतकी वर्षा. तिची खोली उघडूक भियालंय. तिचा नाव घेवक भियालंय."

एवढं बोलून ती उठली आणि चालू लागली. मी मागून हाक मारली, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"जावंदे तिका," आई म्हणाल्या. "आता ती माझा तोंड बघूची नाय. बरोबर आसा तिचा."

संध्याकाळी माझे वडील मिरजेहून येऊन हजर झाले, हातात पिशवी, चेहरा उतरलेला, लेकीनं काय दिवे लावले म्हणून घाबरलेले. आबा त्यांना व्हरांड्यात भेटले. मला वाटलं, आता होतंय महाभारत. पण आबा त्यांच्या हातातली पिशवी स्वतः घेऊन म्हणाले, "व्याही, तुमची चेडू आमच्याकडे रवतली. तुमी आता इलासच तर मासे खावन जावा." माझे वडील माळकरी! तरी त्यांनी जिवात जीव आल्यामुळे हो म्हणून टाकलं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगायची तर आईंचा पाय बसला आणि पिणंही सुटलं. एका झटक्यात नाही सुटलं. दोनदा त्यांनी सोडलं आणि दोनदा परत धरलं, तिसऱ्यांदा मात्र सुटलं ते सुटलंच. त्यानंतर वीस वर्षं त्या जगल्या. गावातली कुठलीही बाई दवाखान्यात दाखल झाली की काठी टेकत तिथे जायच्या आणि नर्सनं तोंड उघडायच्या आत सांगायच्या, "हिका पण इचार. बायकांका पण इचार." काही घरांनी आम्हाला त्यापायी लग्नाची आमंत्रणं देणं बंद केलं. आईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पण त्या दिवशी, त्या संध्याकाळी, हे काहीच ठरलेलं नव्हतं. आई जेवल्या नाहीत. दारात कुणाची चाहूल लागली की मान उचलायच्या आणि पुन्हा टाकायच्या.

सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. वॉर्डाच्या दारात एक बाई उभी राहिली, मोरपंखी रंगाचं, जुन्या वळणाचं लुगडं नेसलेली. लुगड्याला घडीच्या रेघा तशाच होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास खाटेपर्यंत येत होता. आईंच्या अंगाला कंप सुटला. मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं, मी नर्सला हाक मारायला उठले. मग ती बाई पुढे आली आणि ती कुंदा होती.

"आयेची ट्रंक उघडलंय," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज घट्ट होता. "रात्री तिच्याच खोलीत निजलंय. कोण इला नाय. एक उंदीर तेवढो इलो."

आई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या काय बोलतील याची मी वाट बघत होते; कुंदाही बघत होती.

"शालूवयनी उंच होती," शेवटी त्या म्हणाल्या. "तुका खाली लोळता ता. वर खोचूक व्हया."

"मगे शिकव," कुंदा म्हणाली आणि खाटेला लागून उभी राहिली. "माका कोणी शिकवक नाय."

पाय वजनाला टांगलेला, उठता येत नव्हतं. तशाच पडल्या पडल्या आईंनी दोन्ही हात पुढे केले आणि कुंदाच्या निऱ्या सोडून, पुन्हा एकेक करून घालायला घेतल्या.